मूठभर मोहफुलं

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो ऐकतो का, हा मात्र पडला, आणि वडील गेल्यानंतर बरीच वर्षं त्याचं उत्तर मी स्वतःपुरतं 'नाही' असंच धरून चालले होते. वडिलांच्या शेवटच्या आजारात मागायचं ते सगळं मागून झालं होतं. नवस, उपास, सोमवार, कुणी सांगितलेलं पारायण. काही चुकलं असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ते गेले त्या दिवशी मला देवाचा राग आला नाही. रिकाम्या घराचं दार आपण इतके दिवस वाजवत होतो, असं काहीसं वाटलं. त्यानंतर देवघरातला दिवा सासूबाई लावत, मी वाती वळून देत असे.

माझं काम नागपुरातल्या एका दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागातलं. तालुक्यांहून आलेल्या बातम्या तपासायच्या, जास्तीचं काढायचं, राहिलेलं नीट लावायचं. 'दैव बलवत्तर म्हणून बचावला' हे वाक्य त्या बातम्यांत वरचेवर येतं आणि मी ते काढते. ट्रक उलटला, चालक वाचला, एवढंच छापायचं. पुढचं मी त्याच सवयीनं लिहिते आहे. पाहिलं ते पाहिलं म्हणून, ऐकलं ते ऐकलं म्हणून. मला ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही असंच लिहीन.

वडील होते तोवर आमचं घर दर नागपंचमीच्या आधी नागद्वारला जायचं. पचमढीच्या डोंगरातली ही यात्रा आमच्याकडे घराघरांत ठाऊक आहे. पावसात, धुक्यात, निसरड्या कड्यांवरून चालत महादेवाच्या गुहांपर्यंत पोचायचं. त्या वाटेवर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. लहान, मोठा, ओळखीचा, परका, प्रत्येक जण 'भगत'. त्या दिवसांपुरती आईसुद्धा वडिलांना भगत म्हणायची आणि आम्हा मुलांना त्याचं फार हसू यायचं. वडील हसत नसत. डोंगराला माणसांची नावं कळू द्यायची नाहीत, असं ते सांगायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते गेले आणि यात्रा सुटली. पायांना मात्र चालायची सवय होती, त्यामुळे असेल, चाळिशीनंतर मी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी सकाळी धावायला लागले. तिथे दोन मैत्र्या जमल्या. एक वर्षा, बँकेत अधिकारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दुसरे सुनीलभाऊ. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. त्यांना कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते तलावावर आले आणि चालता चालता धावायला लागले. टेकड्यांमधली पन्नास किलोमीटरची दौड करायची, ही कल्पना त्यांचीच.

"पन्नास म्हणजे काय ताई," ते मला म्हणाले होते, "गिऱ्हाइकाले ठाण दाखवता दाखवता दिवसभरात दुकानातच होऊन जाते तेवढं. फक्त तिकडं टेकड्या हायेत आन् इकडं गिऱ्हाईक. टेकडी भाव त करत नाही."

दौड भरवणारी मंडळी आमच्यासारखीच हौशी होती. पारशिवनीच्या वरच्या बाजूला, राखीव जंगलाच्या बाहेरून, गावांना जोडणाऱ्या गुरांच्या वाटांवर मार्ग आखला होता. अशा मार्गावर झाडांना खुणेच्या पट्ट्या बांधतात. रानात प्लास्टिक नको, असं ठरलं, म्हणून सुनीलभाऊंनी दुकानातून लाल सुती कापडाचा एक गठ्ठा दिला. तो त्यांच्या गोदामात बसून आम्हीच हातानं फाडला. संध्याकाळभर कापड फाटल्याचा आवाज येत होता. लाल लांबून दिसतो, एवढाच विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. कुठल्या रानात लाल कापड आधीपासून कशासाठी बांधलं जातं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

थंडीचे दिवस होते. आम्ही निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढचा माणूस फक्त श्वासावरून कळत होता. सुनीलभाऊंच्या कमरेच्या पाऊचची चेन निघताना तुटली, म्हणून त्यांचं ग्लुकोज, खजूर आणि गुळाचे खडे त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीत टाकले. आपण तिघं सोबतच राहणार, असं आमचं ठरलं होतं. निम्मा मार्ग आम्ही तसेच गेलो. चढावर चालायचं, उतारावर धावायचं, दर थोड्या वेळानं सुनीलभाऊंनी काही तरी खायचं. धुकं विरलं आणि ऊन पडलं. सागाची मोठी वाळकी पानं पायाखाली चुरचुरत होती. कुठे तरी एखादं पान एकटंच गळायचं आणि कुणी चपला घालून चालत यावं तसा आवाज व्हायचा. आम्ही दोन-तीनदा वळून पाहिलं, मग पाहणं सोडलं.

दुपारच्या आधी एका गावात पाण्याचा थांबा होता. अनसूयाबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या अंगणात टेबल मांडून केळी, मीठ, पाणी ठेवलेलं. तिथे पोचताच वर्षाच्या पोटरीत गोळा आला आणि ती अंगणातच आडवी झाली.

"काहून वं वर्षा," केळं खाता खाता सुनीलभाऊ म्हणाले, "बँकेत बसून बसून पायबी लोन मागून राहिला काय?"

"भाऊ, तुम्ही व्हा बरं पुढं. मले हसवू नका, हसलं का जास्तच दुखते."

"होतोच पुढं. थंड पडलो त माझं इंजिन पुन्हा चालू होत नाही. टेकडीच्या वरती बसतो तुमची वाट पाहत."

ते गेले. हात हलवत, पाय थोडे फेंगडे टाकत, नेहमीसारखे. मी वर्षाचा पाय दाबून दिला, तिला मिठाचं पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं तिच्या पायाला बांधायची पट्टी काढायला पिशवीत हात घातला तर हाताला ग्लुकोजचा पुडा लागला. वर्षानं तो पाहिला. ती उठून बसली.

थांब्यावर एक निवृत्त शिक्षक स्वयंसेवक म्हणून होते. त्यांनी पुढच्या थांब्यावर फोन लावला. तो तलावाच्या बांधावर होता आणि टेकडी ओलांडली की लगेच यायचा. सुनीलभाऊ तिथे पोचले नव्हते आणि त्यांचा मोबाइलही लागत नव्हता. आमच्या मागून येऊन पुढे गेलेले दोघं तिथे बसले होते आणि त्यांना वाटेत कुणी भेटलं नव्हतं. अनसूयाबाई दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लाल चिंध्या पाहूनच गेला ना तो?"

मी हो म्हटलं.

"मंग देवाच्या वाटेनं लागला असंन. वरती फाट्यावर. आमच्या मोठ्या देवाचा नवस बोलला का सारे लाल कापडच बांधते झाडायले. तुमच्या माणसायनं बी लालच बांधलं. म्या म्हणलं होतं त्यायले, बाप्पा, दुसरा रंग नोयता काय?"

शिक्षक मोटारसायकलवरून रस्त्यानं बांधाकडे निघाले, म्हणजे तिकडून माणसं घेऊन वर चढता येईल. मी पायवाटेनं निघाले. अनसूयाबाईंनी मला थांबवायचा प्रयत्न केला. वावरातून त्यांचे मालक आणि इतर माणसं येऊ देत, मग जा, असं त्यांचं म्हणणं होतं. "भर बाराचं तिकडं कोणी जात नाही बाई. त्या टायमाले देव फिरते." वर्षा ओरडून काही तरी सांगत होती. इन्सुलिन घेतलेला माणूस तासन् तास धावून उपाशी राहिला तर काय होतं, ते आम्हा दोघींनाही त्यांच्या बायकोनं, माधुरीवहिनींनी, नीट समजावून सांगितलेलं होतं. आधी घाम येतो, मग बोलणं बरळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही.

फाटा सापडायला वेळ लागला नाही. उजवीकडे आमच्या पट्ट्या जात होत्या, आणि डावीकडेही तशाच पट्ट्या जात होत्या. मी दोन्ही हातात धरून पाहिल्या. दोन्ही हातानं फाडलेल्या, दोन्हीच्या कडांना धागे सुटलेले. पारशिवनीच्या बाजारात येणारं लाल कापडही शेवटी गांधीबागेतूनच येतं. जन्मभर कापड विकलेल्या माणसालाही फरक कळला नसता, आणि कळला नव्हताच. डावीकडच्या धुळीत त्यांच्या बुटांचे ठसे होते.

मी त्या वाटेनं निघाले. वारा अजिबात नव्हता. पट्ट्या सरळ खाली लोंबत होत्या. हळूहळू त्या दाट होत गेल्या. आधी एका झाडाला एक, मग दोन, मग बुंधाच दिसेनासा होईल इतक्या. काही नव्या, काही उन्हानं गुलाबी पडलेल्या, काहींचं नुसतं सूत उरलेलं. पक्षी बोलत नव्हते. वानरं झाडावर बसून होती, पण तीही हलत नव्हती, ओरडत नव्हती. मी जवळून गेले तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती सगळी एकाच दिशेला पाहत होती.

वर साजाचं, म्हणजे ऐनाचं, एक जुनं झाड होतं आणि त्याखाली शेंदूर लावलेले दगड. भोवती मातीचे घोडे, नवसाचे, कितीतरी. पाऊस खाऊन त्यांचे पाय विरघळले होते. काहींची पोटं जमिनीला टेकली होती, एकाची मान तुटली होती. लाल पट्ट्या तिथेच संपत होत्या. बुटांचे ठसेही तिथेच संपत होते. झाडामागून गुरांच्या तीन वाटा फुटत होत्या आणि तिन्ही वाटांवर सागाची पानं पसरली होती.

मी मधली वाट धरली. ती उतरली, वळली, चढली आणि मला पुन्हा त्या झाडाशी घेऊन आली. मग उजवीकडची धरली. ती सरळ जात होती, मी एकदाही वळले नाही, आणि तरी काही वेळानं समोर मान तुटलेला तोच मातीचा घोडा होता. आमच्याकडे याला चकवा म्हणतात. कुणी म्हणतं, रानात भुलनवेल असते, ती ओलांडली की दिशा जातात. भीतीनं माणूस एका बाजूला ओढला जातो आणि गोल फिरतो, असंही मी वाचलं आहे. त्या वेळी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. मी उभी राहून मोठ्यानं हाक मारली, "सुनीलभाऊ!" आवाज दोन झाडांपलीकडे गेला नसावा. पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेनंतर बऱ्याच वेळानं, मी हाक मारल्याचं विसरण्याइतक्या वेळानं, समोरून कुणी तरी हळूच म्हणालं, "सुनीलभाऊ."

तो प्रतिध्वनी असेल. आवाज बाईचाच होता. पण ज्या बाजूनं तो आला तिथे कडा नव्हता, भिंत नव्हती, खाली उतरत गेलेलं उघडं गवताळ रान होतं. मी पुन्हा नाव घेतलं नाही.

माझे गुडघे आपोआप टेकले गेले. थकल्यामुळे की भीतीमुळे, मला सांगता येत नाही. शेंदराचे दगड समोर होते. वडिलांच्या आजारात जशी मागितली होती तशी एखादी नेमकी मागणी मनात जुळवायचा मी प्रयत्न केला. याच्या बदल्यात हे देईन, असं करीन, तसं करीन. काही जुळेना. देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं आणि कुठल्या वाटेनं ने, हे सांगण्याइतकीही अक्कल उरली नव्हती. शेवटी मी एवढंच म्हणाले की मला काही कळत नाही. त्यांना कुठे ठेवायचं ते तू ठरव, मला कुठे न्यायचं तेही तूच ठरव. हे म्हणताना मला शांत वाटलं, असं लिहिणं खोटं ठरेल. मला थंडी वाजत होती. पण दार वाजवणं मी थांबवलं होतं, एवढं खरं.

मग मी उठले आणि नाव न घेता हाक मारली. "भगत!"

"हो भगत."

उत्तर लगेच आलं. डावीकडून, खालून. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, सुनीलभाऊंचा नव्हता. त्यात घाई नव्हती, आश्चर्य नव्हतं. शेजारच्या खोलीतून कुणी ओ द्यावी तितका तो जवळ होता. पाठोपाठ दगडावर काठी टेकल्याचा आवाज आला. ठक्. थोड्या वेळानं पुन्हा, जरा पुढून. मी डावीकडच्या वाटेनं उतरायला लागले.

मी कुणाला पाहिलं नाही. काठी कायम एका वळणाच्या पुढे होती. मी धावले तरी तेवढीच पुढे, मी ठेचकाळून थांबले तर तीही थांबली. माझ्या पायाखाली पानं इतकी मोडत होती की मधूनमधून काठी ऐकू यावी म्हणून मला उभं राहावं लागे. पुढच्या माणसाच्या पायाखाली एकही पान वाजत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बरीच खाली आले होते, आणि परत फिरायचं धैर्य पुढे जायच्या धैर्याहून मोठं लागलं असतं.

वाट एका कोरड्या नाल्यात उतरली आणि काठी वाजायची थांबली. तिथे पुढे आलेल्या खडकाखाली सुनीलभाऊ बसले होते. पाठ दगडाला टेकलेली, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. सदरा घामानं भिजून अंगाला चिकटलेला आणि हात बर्फासारखे. बूट पायांत नव्हते. ते बाजूला, देवळाबाहेर काढून ठेवतात तसे, जोडीनं ठेवलेले होते आणि मोजे त्यात दुमडून घातलेले होते. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. ते काही तरी चावत होते. त्यांची उजवी मूठ मी उघडली तर त्यात वाळलेली मोहफुलं होती.

मोहाची फुलं उन्हाळा लागताना पडतात. गावातले लोक ती वेचून, वाळवून घरात भरून ठेवतात. मनुकांसारखी गोड असतात. थंडीच्या दिवसांत ती रानात पडलेली सापडत नाहीत.

मी ग्लुकोज पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. घोट गिळला जातो आहे ना, हे दरवेळी पाहिलं. मग गुळाचा खडा, मग पुन्हा पाणी. बऱ्याच वेळानं त्यांच्या ओठांना रंग आला. डोळे माझ्यावर स्थिर झाले, मग माझ्या मागे गेले, आणि ते पहिलं वाक्य बोलले.

"भगत गेले काय?"

मी विचारलं, "कोण भगत?"

"थे म्हातारे. काठीवाले. मले झोपूच देऊन नाही राहिले ना. डोळा लागला का काठी आपटे. म्हणे, चावत राय भगत, झोपू नको, तुही माणसं येऊन राहिली."

तोपर्यंत मी त्यांना हाकेबद्दल किंवा काठीबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं तर आमच्या धंद्यात ती गोष्ट छापायला घेतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते. हेही नोंदवायला हवं की सुनीलभाऊ लहानपणी दोन-तीनदा नागद्वारला जाऊन आलेले आहेत. साखर उतरलेल्या मेंदूला जुना शब्द आठवला असेल, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. मोहफुलांचं काय करायचं, ते मात्र मला ठाऊक नाही.

अनसूयाबाईंचे मालक चार माणसं घेऊन वरून उतरले, थोड्या वेळानं बांधाकडून शिक्षकही आले. खाट आणली होती. नेताना एकानं सुनीलभाऊंचे बूट उचलले, ते कसे ठेवलेले होते ते पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवून आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी विचारलं, इथे आता एक म्हातारे होते, काठी घेतलेले, तुम्हाला वाटेत भेटले का? ते एकमेकांकडे न पाहता नाही म्हणाले.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की साखर फार खाली गेली होती, आणि मधल्या वेळात तोंडातून थोडं थोडं गोड पोटात जात राहिलं नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. माधुरीवहिनींनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही होत्या म्हणून," एवढंच त्या म्हणू शकल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की माझ्या पिशवीत, गुळाच्या पुड्याला चिकटून, दोन मोहफुलं आली आहेत. घरी आल्यावर ती देवघरात ठेवली. सासूबाईंनी ती पाहिली आणि दिवा लावायची काडेपेटी माझ्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी मी त्या गावात गेले. लोकांना सांगायला बातमीदार म्हणून गेले. आसपासच्या वस्त्यांत फिरून विचारलं, त्या दिवशी भर दुपारी देवाच्या वाटेला कोण गेलं होतं, काठी घेऊन कोण फिरतं, मोहफुलं जवळ कोण बाळगतं. गुराखी भेटले, देवाचे जुने पुजारी भेटले, सगळ्यांनी चहा पाजला. तसं कुणीही त्या दिवशी तिकडे गेलं नव्हतं. शेवटी अनसूयाबाईंच्या अंगणात येऊन बसले.

"काहून शोधून राहिली त्याले?" त्यांनी विचारलं. "पैसे द्याचे हायेत काय?"

"नाही हो. आभार मानायचेत."

"मंग मान ना. त्याले नाव कायले पायजे?"

मी त्या दिवशी शोध थांबवला, पण मन थांबलं नाही. देवानं एकदा ऐकलं म्हणून माणूस निर्धास्त होईल असं वाटतं. माझं उलट झालं. मी रोज सकाळी माधुरीवहिनींना फोन करून साखर किती आली ते विचारायला लागले. तलावावर सुनीलभाऊ जरा मागे पडले की मी थांबायचे, जरा पुढे गेले की हाका मारायचे. शेवटी ते चिडलेच. "ताई, त्या दिवशी मले एकानं सांभाळलं आन् हात सोडून निघून गेला. तुम्ही त धरूनच बसल्या." ते हसत म्हणाले होते, पण मला ते लागलं. त्या डोंगरावर मी जे सोपवलं होतं ते खाली येताना पुन्हा उचलून घेतलं होतं, हे मला त्यांच्या बोलण्यानं कळलं.

फाल्गुनात आम्ही तिघं मार्गावरच्या आमच्या पट्ट्या काढायला गेलो. फाट्यापर्यंतच्या काढल्या. फाट्यावर कोणत्या आमच्या आणि कोणत्या देवाच्या, हे सुनीलभाऊंनाही सांगता येईना, म्हणून तिथल्या सगळ्या राहू दिल्या. साजाच्या झाडाशी जाऊन नारळ फोडला. पूजेला बसल्यावर मला वाटलं होतं की मी काही तरी ऐकीन. काही ऐकू आलं नाही. ऊन होतं, वानरं पिल्लांना घेऊन आपल्या कामात होती. काही मागायचं आहे का, असं स्वतःला विचारलं, तर नव्हतं.

परतताना वर्षाच्या पायात काटा गेला म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. सुनीलभाऊ बोलत बोलत पुढे निघाले आणि वळणाआड गेले. त्यांच्या बुटांचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही येईनासा झाला. रान एकदम गप्प झालं. हाक ओठांपर्यंत आली होती. वर्षानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काटा काढायचा सोडून माझं मनगट धरलं. पलीकडे ते असतील की नसतील, हे माझ्या हाकेवर अवलंबून नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं, वडिलांच्या वेळीही नव्हतं. मी हाक मारली नाही. काटा निघाला. आम्ही दोघी आमच्या चालीनं त्या वळणाकडे निघालो, आणि त्या तेवढ्याशा वाटेवर, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, मला कुणी तरी ऐकतं आहे की नाही याची चिंता नव्हती.

वळणापलीकडे सुनीलभाऊ एका दगडावर बसून केळं सोलत होते.

"काहून वं," ते म्हणाले, "येवढा उशीर?"

त्यांनी केळ्याचे तीन भाग केले. माझा भाग मी उजव्या हाताखाली डावा हात धरून घेतला, आणि खाण्याआधी डोळ्यांना लावला.